पयल्यापासून शेवटापर्यंत

माझ्या नवऱ्याने अल्बम काढला त्या वर्षी आमच्या घरात उंदीर झाला होता. दोन्ही प्रकरणं एकाच खोलीत घडली, म्हणून एकदमच सांगते.

खोली म्हणजे भाताची कोठी. पुण्यातली नोकरी अर्धी सोडून (उरलेली अर्धी तो लॅपटॉपवर करतो) पुष्कर मला घेऊन मालवणजवळच्या आपल्या गावी, तोंडवलीला परतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो घरभर टाळ्या वाजवत फिरला. आरती नव्हती. कुठल्या खोलीत आवाज लवकर मरतो ते बघत होता. ओटीवर टाळी घुमली, माजघरात घुमली, कोठीत मात्र पडल्या पडल्या मेली. झालं. भाताच्या गोण्या भिंतींना उभ्या राहिल्या, वर काथ्याच्या गाद्या बांधल्या गेल्या, मधोमध खुर्ची, गिटार, माईक, लॅपटॉप, आणि दाराला आतून कडी. भात काढायला गेलं की आतून ओरडा यायचा, "टेक चालू आहे!" त्या हिवाळ्यात आम्ही बरेचदा विकतचा तांदूळ खाल्ला.

तो काय वाजवत होता हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. मी मसुऱ्याला हायस्कूलच्या ऑफिसात काम करते. तिथे आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "चारुताबाई, मिस्टर सध्या काय करतात?" मी म्हटलं, "प्रायोगिक जॅझ. नुसती गिटार. शब्द नाहीत." ते धीर देत म्हणाले, "हरकत नाही, शब्द मागाहून घालता येतात."

पण मुख्याध्यापकांचं पुष्करला काही पडलं नव्हतं. त्याला पडलं होतं ते आबांचं.

आबा म्हणजे माझे सासरे, गुरुदास. पोस्टातून निवृत्त झाले, पण पोस्टातले म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. तीस वर्षं ते आमच्या वाडीच्या भजनी मंडळाचे पखवाजी होते आणि जयरामकाका त्या मंडळाचे बुवा. आमच्याकडे भजनाची डबलबारी होते. दोन मंडळं समोरासमोर बसतात आणि दोन बुवा देवाचं नाव घेत एकमेकांची सालं काढतात. लोक त्यासाठी लांबून लांबून येतात, आणि पखवाजी समेवर आला की सगळ्या मांडवाच्या माना एकदम खाली जातात. पुढे जयरामकाकांचा गळा बसला, त्याबरोबर मंडळही बसलं. आबांचा पखवाज खोळीत घालून माळ्यावर गेला. पुष्करला त्यांनी लहानपणी शिकवायला घेतलं होतं. हात तयार होत आला तेवढ्यात तो इंजिनिअरिंगला गेला आणि परत येताना गिटार घेऊन आला. आबा काही बोलले नाहीत. न बोलणं हेच त्यांचं बोलणं.

पहिला तुकडा बसला तेव्हा, पक्कं रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी, पुष्करने तो फोनवर कच्चा टिपून मोठ्या आशेने आबांना ऐकवला. आबांनी थोडा वेळ कान दिला आणि विचारलं, "सम खंय आसा?"

सम म्हणजे तालाचं घर. वाजवणाऱ्याने कुठेही हिंडावं, पण फिरून तिथे यावं, एवढाच तो नियम. पुष्करने ताठ बसून समजावलं. संगीतावर बोलताना तो शुद्ध मराठीत जातो, जणू तहसीलदारासमोर उभा आहे. "आबा, ह्यात सम नाही. सम मोडणं हाच ह्यातला प्रयोग आहे."

"ज्येका सम नाय ता वाजप न्हय रे," आबा उठता उठता म्हणाले. "ती खाज." आणि केळींना पाणी लावायला निघून गेले.

पुष्कर दोन दिवस कोठीत शिरला नाही. मग मला म्हणाला, "जगाने नाही ऐकला तरी चालेल गो. आबांनी एकदा अख्खा ऐकावा. पहिल्यापासून शेवटापर्यंत. एवढंच." एरवी हा माणूस इतकं सरळ बोलत नाही. मला फार वाईट वाटलं त्याचं.

आता उंदीर.

रेकॉर्डिंगला जोर आला आणि कोठीत टकटक ऐकू यायला लागली. कोठी आणि माजघर यांच्यामध्ये भिंत नाही, नुसत्या फणसाच्या फळ्या आहेत. त्या फळीत कुठेतरी टक् व्हायचं. बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. पुष्कर गिटार टाकून फळीवर धपाटे मारायचा, ओरडायचा, गोण्या हलवायचा. लेंडी सापडली नाही, कुरतडलेली गोण सापडली नाही, पण टकटक काही थांबली नाही. मी मालवणच्या बाजारातून पिंजरा आणला. त्यात खोबऱ्याचा तुकडा लावायचं काम आबांनी आपणहून घेतलं. रोज जुना तुकडा काढायचे, नवा लावायचे.

"एवढं खोबरं खाऊनसुद्धा सापडत कसा नाही?" मी एकदा म्हटलं.

"खोबरा खय खाता तो? आसतलो एखादो म्हातारो उंदीर," आबा पिंजऱ्याची तार वाकवत म्हणाले. "तेका मारू नको. पुष्कराक सांग, दार उघडा ठेव. आपसूक भायर पडात."

पुष्करने दार उघडं ठेवलं नाही. दार उघडलं की समुद्र आत येतो, असं त्याचं म्हणणं.

शेवटी सगळं रेकॉर्डिंग पुण्याला मिहीरकडे गेलं. मिहीर त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, आवाज साफ करण्याचाच त्याचा धंदा. त्याने एकेक टक् चिमट्याने काढावी तशी काढली आणि बिलात वेगळी ओळ लावली: उंदीर. फक्त सातव्या तुकड्यात त्याने हात टेकले. तिथे ती टकटक सुरांत इतकी गुंतली होती की ती काढली तर गिटारच मरेल, असं तो म्हणाला. पुष्करने नाक मुरडून ती तशीच ठेवली, जरा दाबून.

अल्बमचं नाव 'ओहोटीचा आराखडा'. तुकडे आठ. कंपनी नाही, प्रकाशक नाही, सगळं घरचं. मुखपृष्ठ मी काढलं, म्हणजे ओल्या वाळूचा फोटो काढला. श्रेयात एकच ओळ होती: सर्व वाद्ये, रचना आणि निर्मिती, पुष्कर. श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी त्याने बटण दाबलं आणि तो अल्बम साऱ्या जगासाठी खुला झाला. जगाला त्या दिवशी दुसरी कामं होती. मित्रांनी लाल बदाम पाठवले. कोण किती वेळ ऐकतो हे दाखवणारा एक आलेख असतो. त्यात माणसं दाराशी चप्पल काढायच्या आतच परत जात होती.

आबांना मी विचारलं, "तुम्ही ऐकणार ना?" ते म्हणाले, "बगूया." आमच्याकडे बगूया म्हणजे नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच जयरामकाकांना निरोप धाडला. कोणतंही नवं काम देवीपुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करायचं नाही, मग ती होडी असो, दुकान असो, नाहीतर आराखडा असो. आणि वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान जयरामकाकांचा. गाण्याचा गळा बसला असेल, गाऱ्हाण्याचा अजून शाबूत आहे.

देवळात पंधरावीस माणसं जमली. खानावळवाली सुगंधा, रिक्षावाला बाळा, पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवणारा जितेंद्र, कानाने अधू झालेल्या राधाबाई, आणि आम्ही. आबा तेवढे बाहेर पायरीवर नारळ सोलत बसले होते.

काकांनी हात जोडले आणि सुरुवात केली.

"हे बा देवी माये, म्हाराजा! आज ह्या तुझ्या गुरुदासाच्या झिलान, पुष्करान, कोठयेत बसान, भाताच्या गोणयांच्या साक्षीन जो काय तो आलबम केल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तो काय आसा, ता आमका कोणाक समाजला नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यांत मोठ्याने आला.

"पण समाजला नाय म्हणान तो वायट आसा, असा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." हा जरा बेताचा.

"तेव्हा माये, कोणाची वाकडी नजर लागली आसात, कोणी आडकाठी घातली आसात, इंटरनेटाची रेंज गेली आसात, ती सगळी इडापिडा ह्या लेकराच्या वाटेवरसून दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायचं होतं. पण खूप दिवसांनी समोर माणसं आणि मागे प्रतिसाद असा योग आला होता, आणि काकांच्या अंगात जुना बुवा जागा झाला. त्यांनी आवाज चढवला. "आणि माये, आज जी जी लेकरा तुझ्या फुड्यात उभी आसत, ती ह्यो आलबम पयल्यापासून शेवटापर्यंत आयकतली, मधी उठाची नाय, मधी बंद करुची नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात शब्द कोणी ऐकत नाही. काकांचा आवाज 'म्हाराजा'वर उतरला की तोंडातून आपोआप निघतं, शिंकेसारखं. पुष्करच्या तोंडून निघालं, माझ्याही निघालं. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. जितेंद्रने हळूच विचारलं, "कितक्या वेळाचो आसा तो?"

"तासाला थोडा कमी," पुष्कर नम्रपणे म्हणाला.

सुगंधा मटकन खाली बसली. बाळा म्हणाला, "काकानू, ता मागे घेवक येता काय?"

"देवीकडे शब्द गेलो तो गेलो," जयरामकाका म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता, कारण तेही देवीच्या पुढ्यातच उभे होते.

तेवढ्यात आबा सोललेला नारळ घेऊन आत आले. अख्खी वाडी बांधली गेली होती आणि ज्याने ऐकायला हवं होतं तो एकटा माणूस मोकळा राहिला होता. पुष्करने माझ्याकडे पाहिलं. मला हसू आवरेना, आणि त्याची दयाही आली.

मग वाडीने शब्द पाळायला घेतला. सुगंधाने मासे साफ करताना ऐकला. म्हणाली, बांगड्यांपर्यंत बरा चालला होता, कोलंबीला डोकं धरलं. बाळाने रिक्षात लावला. मालवणला निघालेल्या एका बाईने वाटेतच उतरते म्हणून सांगितलं, तर तो हात जोडून म्हणाला, "आये, बंद करूक येणा नाय, देवीचा आसा." बाई देवीचं नाव ऐकून मुकाट बसली आणि उतरताना तिने रिक्षाला नमस्कार केला. जितेंद्रने घरी उतरलेल्या पर्यटकांना नाश्त्याबरोबर वाढला. त्यांनी जाताना अभिप्राय लिहिला की जागा शांत आहे, पण घावन्यांबरोबर काहीतरी चालू असतं. राधाबाईंनी फोन कानाला लावून पूर्ण ऐकला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "फोन कोणाचो होतो, समोरचो बोलणाच नाय."

पुष्करचा आलेख उभा राहिला. साऱ्या देशात त्याचा अल्बम शेवटापर्यंत ऐकणारी माणसं फक्त एका ठिकाणी होती आणि ते ठिकाण म्हणजे तोंडवली. बंगळुरूच्या कुठल्याशा संगीत संकेतस्थळाने त्याला पत्र लिहून विचारलं की गावपातळीवर इतका निष्ठावंत श्रोतृवर्ग आपण कसा घडवलात. त्याने दोन पानी उत्तर लिहिलं. त्यात आपण सम कशी मोडली ते सविस्तर होतं, देवीचा उल्लेख नव्हता.

शिवाय माणसं भेटली की सांगायची, "सात नंबर बरो आसा हां." सुगंधाला सात नंबर, बाळाला सात नंबर, सगळ्यांना सात नंबर. पुष्कर हरखून गेला. सातवा तुकडा त्याच्या मते सर्वांत अवघड, सर्वांत मोकळा, तालाच्या तावडीतून पुरता सुटलेला. "बघ," तो मला म्हणाला, "आपण लोकांना कमी लेखतो. कान तयार होतात." मी म्हटलं, "त्यातच तुझा उंदीर राहिलाय ना?" तर तो माझ्याशी जेवणापर्यंत बोलला नाही.

महिन्याभरात सगळ्यांचं ऐकून झालं. शब्दातून मोकळं व्हायला काकांनी कौल लावला. देवीच्या अंगाला ओलं फूल चिकटवायचं आणि विचारायचं. उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही. फूल डावीकडे पडलं.

म्हणजे कोणीतरी ऐकलं नव्हतं. वाडी एकमेकांकडे बघू लागली. मग हळूहळू सत्य बाहेर आलं. बाळाने मध्ये पेट्रोल भरताना बंद केला होता. जितेंद्रने दुप्पट वेगाने लावला होता. मी तिसऱ्या तुकड्यात झोपले होते, आणि ते मी का लपवू? सगळ्यांनी पुन्हा ऐकला. पुन्हा कौल. पुन्हा डावा.

आता मात्र जितेंद्र तापला. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, त्याची नवी होडी झावळ्यांखाली तयार उभी होती, आणि वाडीचा शब्द देवीकडे अडकलेला असताना नवी होडी पाण्यात लोटायला कोणी हात लावेना. "ह्या आलबमान माझो शिझन खाल्ल्यान!" तो देवळातच ओरडला. "कोण रवलो तो सांगा एकदा!"

मग सुगंधाने मान वळवली. "तू आयकलंस काय रे, पुष्कर? तूय म्हटलंस व्हय म्हाराजा. माझ्या बाजूकच होतंस."

"मी?" पुष्कर हसला. "मीच तर केलाय तो! तुकड्या-तुकड्याने हजारदा ऐकलाय."

"चव घेवन रांधणारीचा पोट भरता काय?" सुगंधा म्हणाली. "ताटार बसान जेवलंस काय, ता इचारतंय."

"पयल्यापासून शेवटापर्यंत?" काकांनी विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. अल्बम बाहेर पडल्यापासून त्याने तो तीन-चारदा लावला होता, आणि दर वेळी दुसऱ्या तुकड्यात "हा सूर घसरलाय" म्हणत बंद केला होता. अख्ख्या वाडीला दोन-दोनदा ऐकवून झाला होता तो प्रयोग, आणि करणारा एकटाच त्यातून सुटला होता.

काकांनी तिथल्या तिथे निवाडा केला. देवळातल्या कपाटातून मंडळाचे डबलबारीचे भोंगे बाहेर निघाले. पुष्करला देवीसमोर चटईवर बसवलं, त्याचा फोन भोंग्यांना जोडला. बाकीच्यांना घरी जायला हरकत नव्हती, पण कोणी गेलं नाही. आपला भोग सरला की दुसऱ्याचा बघायला बरं वाटतं. आबा नेहमीच्या जागी, बाहेर पायरीवर, नारळ सोलत होते.

पहिला तुकडा सुरू झाला. दुसऱ्यात पुष्करने डोळे मिटले, दुखऱ्या दाताला हात लागावा तसे. तिसऱ्यात तो उठायला लागला तर काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मधी उठाची नाय." पाचव्यात तो सैल झाला. सहाव्यात मला वाटलं की हे अगदीच वाईट नाही, आणि हे त्याला सांगायला हवं.

मग सातवा. घरच्या हेडफोनात दबलेली टकटक त्या भोंग्यांतून देवळाच्या खांबांवर आपटली. टक्. पुष्कर मागे वळून माझ्या कानाशी पुटपुटला, "उंदीर."

काकांनी ऐकलं. "खयचो उंदीर?"

"ती टकटक हो काका. कोठीत उंदीर होता. मिहीरने बाकीच्या सातांतून काढला, ह्यातून निघेना."

बाळा आधी हसला, मग सगळ्यांकडे बघून थांबला. काका मात्र हसले नाहीत. "मेल्या, उंदीर?" ते म्हणाले. "तो तुझ्या बापाशीचो हात. तीस वर्सां त्या हाताच्या फुड्यात बसान गायलंय मी. टक् करता आणि मागसून करंगळी घासता. आयक! माका वाटला, तूच घेतलंस तेका."

"म्हणान तर सात नंबर बरो म्हणत होताव," सुगंधा म्हणाली. "थंय आबा आसत."

टक्. आणि पुष्करने पाहिलं. मीही पाहिलं. देवळातल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. सुगंधाची, जितेंद्रची, काकांची, भोंग्याशी कान लावून बसलेल्या राधाबाईंचीसुद्धा. गिटार पुन्हा भटकायला निघाली, वाट सोडून लांब गेली, आता ही काही परत येत नाही असं वाटेपर्यंत गेली, आणि टक्. माना खाली. जी मोडली म्हणून पुष्करने दोन पानी पत्र लिहिलं होतं ती सम जिथल्या तिथे होती. तो प्रत्येक वेळी तिच्यावर येत होता. त्याला ते कळत नव्हतं, कारण तो मोजायचा नाही, आणि पलीकडे बसून मोजणारा माणूस ते बोटाने सांगत होता.

पुष्करने मान वळवून दाराकडे पाहिलं. आबा आमच्याकडे पाठ करून बसले होते. नारळ पायात तसाच होता, कोयता बाजूला होता, आणि उजवा हात पायरीवर होता.

आठवा तुकडा संपला. काकांनी फूल लावलं. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत ते उजवीकडे पडलं, आणि जितेंद्र होडीकडे धावत सुटला.

पुष्कर माझ्या पुढे झपाझप चालत घरी आला. आबा मागे राहिले होते. तो सरळ कोठीत गेला आणि त्याने लॅपटॉपवर मिहीरकडे पाठवण्याआधीचं मूळ रेकॉर्डिंग काढलं. मी पाठोपाठ आत गेले. दाराला कडी घालायला त्या दिवशी कोणाला सुचलं नाही.

पहिल्या तुकड्याचा पहिला टेक. टक्. दुसरा टेक, टक्. पुष्करने पुढचा काढला, त्याच्या पुढचा काढला. फेकून दिलेले टेक काढले, चुकलेले, अर्धवट सोडलेले. सगळ्यांत ते बोट होतं. त्याची इच्छा होती की आबांनी अल्बम एकदा अख्खा ऐकावा. आबांनी तो अख्खा हिवाळा माजघरात फळीला टेकून, प्रत्येक तुकडा, प्रत्येक टेक, पहिल्यापासून शेवटापर्यंत ऐकला होता. आणि आम्ही त्यांना एकेक करून वेचून बाहेर काढलं होतं, वर बिलही भरलं होतं. पिंजरा मी आणला होता. मला रडू आलं.

दारात सावली पडली. आबा उभे होते, हातात देवळातला अर्धा नारळ.

"आबा," पुष्कर म्हणाला. त्याचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "माका सांगलास कित्याक नाय?"

"सांगतलंय कसा? दाराक आतसून कडी होती." आबांनी नारळ गोणीवर ठेवला. "आणि ता खाज म्हटलंय, ता खरा न्हय. पयल्या दिसाक सम गावली नाय माका. चवथ्या दिसाक गावली."

लॅपटॉपवर तिसऱ्या तुकड्याचा कुठलासा टेक चालूच होता. टक् झालं, आणि पाठोपाठ पुष्करचाच आवाज आला, चिडलेला, ओळखू न येण्याइतका कर्कश: "हाड! गप रव मेल्या, जातंस काय नाय हयसून!" मग फळीवर धाडकन बसलेला धपाटा. मग काहीच नाही.

पुष्कर घाईने बंद करायला वाकला.

"बंद करू नको," आबा म्हणाले. "फुडे आयक. थंय मी परत येतंय."

आम्ही तिघं थांबलो. लॅपटॉपमधला पुष्कर पुन्हा वाजवायला लागला. बराच वेळ नुसती गिटार चालली होती, आणि मग फळीवर बोट पडलं, आधीपेक्षा हळू.